रूबनच्या डोक्यावर मी हात ठेवला नाही

पहिलं हे सांगते, बाकीचं नंतर, कारण मला माहितीये तू लपून वाचतेयस आणि तुला वेळ नाहीये. एकदम बंद करू नकोस. रोज पीत असशील ना, आणि उद्यापासून थेंब नाही असं ठरवलं असशील, तर थांब, आधी डॉक्टरला फोन कर. लाज वाटली तरी कर. नवऱ्याला कळेल म्हणून घाबरली असशील तरी कर. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी एकदम बंद केली, देवासमोर बंद केली, चांगल्या मनाने केली, आणि तिसऱ्या दिवशी माझं बाळ माझ्या हातातून फरशीवर पडलं.

झालं, सांगितलं. आता सुरुवातीपासून.

मी वसईची, आम्ही ख्रिश्चन. नववीत शाळा सुटली, पप्पा गेले म्हणून, मग बेकरीत पाव पॅक करायचे. चोविसाव्या वर्षी नेल्सनशी लग्न झालं. तो इथे सिडनीला, वेंटवर्थव्हिलला राहतो, म्हाताऱ्या माणसांच्या नर्सिंग होममधे नर्स आहे. मी काही लिहिणारी नाही. हे मी फोनमधे बोलतेय आणि फोन लिहितोय. हेलन म्हणाली तुझ्या भाषेत सांग, कोणीतरी असेल जिला आमचा दारू सोडण्याबद्दलचा इंग्लिश कागद वाचता येत नसेल. हेलन कोण ते पुढे येतं.

औषध

रूबन झाला तेव्हा इथे थंडी होती, ऑगस्ट. सासू आली होती वसईवरून बाळंतपणाला, तिला मी मम्मी म्हणते. सिझेरियन झालेलं, पाय सुजलेले, दूध नीट येत नव्हतं. मम्मीने पहिल्या दिवसापासून काढा सुरू केला. सुंठ, मिरी, गूळ, आणि वरून दोन चमचे ब्रँडी. आमच्याकडे बाळंतिणीला देतातच. माझ्या आईला दिली, तिच्या आईला दिली. अंगात ऊब राहते, वात होत नाही, दूध येतं. मम्मी बाटलीवर हात ठेवून म्हणायची, "तोंड काय वाकडं करतेस गं, नेल्सनच्या वेळी मला सासूने अर्धा कप पाजलेली, बघ केवढा झाला तो."

खरं सांगते, मला बरं वाटायचं. पोटाचे टाके ओढायचे थांबायचे. आणि ती जी भीती होती ना, बाळ श्वास घेतंय की नाही, बाळ श्वास घेतंय की नाही, ती जरा लांब जायची.

तीन महिन्यांनी मम्मी गेली. घरी सासरे एकटे, त्यांना शुगर. जाताना बाटली कपाटात ठेवून गेली, म्हणाली थंडी वाजली तर घे. थंडी तर संपलेली. नोव्हेंबर होता, बाहेर ऊन भाजत होतं. नेल्सनची दुपारची शिफ्ट, दोनला जायचा. मग मी आणि रूबन आणि त्या फ्लॅटच्या भिंती. मला इथे कोणी ओळखत नाही, इंग्लिश मला दुकानापुरतं येतं. दोन चमच्यांचे चार झाले. मग चमचा राहिला, चहाचा कप आला. मग काढा राहिला. बाटली संपली तेव्हा मी प्रॅम घेऊन मेन स्ट्रीटला गेले, एका पिशवीत कोथिंबीर न् कढीपत्ता, दुसऱ्या पिशवीत ब्रँडी, आणि त्या दुकानातला पोरगा मला म्हणाला, "नो वरीज, हॅव अ गुड आर्वो." आर्वो म्हणजे इथे दुपार. मला एवढं बरं वाटलं कोणीतरी बोललं म्हणून.

पण मी पिते असं मला वाटतच नव्हतं, हे समजून घे. पिणारे म्हणजे आमच्या गावातले ते नाक्यावर पडलेले. पिणारा म्हणजे माझा काका. मी औषध घेत होते, फक्त जास्त घेत होते.

जानेवारीत नेल्सनला रिकाम्या बाटल्या सापडल्या, पाळण्याच्या खालच्या ड्रॉवरमधे, डायपरच्या मागे. तो ओरडला नाही. तो बसून राहिला. मग म्हणाला, "मी दिवसभर दुसऱ्यांची नाडी बघतो." एवढंच. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. पाच दिवस गेले असतील. मग रोझरीची माळ हातात धरून घेतली. ती तीन दिवस. आणि प्रत्येक वेळी कमी नाही झालं, फक्त लपवायची जागा बदलली.

बुधवार ते शुक्रवार

मग राखेचा बुधवार आला. चाळीस दिवसांचा उपासकाळ. आमच्या गावात कितीतरी पुरुष उपासकाळात दारू सोडतात, ईस्टरला परत धरतात, त्यावरून मस्करी पण चालते. मी म्हटलं आता खरी वेळ आली. फादरने कपाळाला राख लावली आणि मी तिथेच आल्तारासमोर, वेदीसमोर, मनात म्हटलं, येशू, ईस्टरपर्यंत थेंब नाही, घेतली तर माझं वाईट कर. घरी येऊन होती ती सगळी सिंकमधे ओतली. नेल्सनने बघितलं, माझ्या कपाळाचा मुका घेतला, त्याच्या ओठाला राख लागली. आम्ही दोघं हसलो. किती महिन्यांनी हसलो असू.

गुरुवारी हात थरथरायला लागले. मला वाटलं देव परीक्षा घेतोय. घाम, उलटी, काही पोटात राहीना. रात्रभर झोप नाही. शुक्रवारी सकाळी भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, हात लावला की काही नाही. मला कळत होतं की अर्धा कप घेतली तर हे थांबेल. मला हे पण कळत होतं की नेल्सनला उठवायला पाहिजे, तो उशिरा आला होता, आत झोपला होता. पण त्याला काय सांगणार, की मी इतकी पीत होते की आता हे असं होतंय? त्याला वाटत होतं कप दोन कप. आणि शपथ होती ना. शपथ घेतली होती, मग निभवायची, तोंड दाबून निभवायची. म्हणून मी कोणाला काही बोलले नाही. हे लक्षात ठेव, ह्याच्यासाठीच मी हे सगळं सांगतेय.

रूबनला आंघोळ घातली. सहा महिन्यांचा, पाण्यात पाय मारत होता. टॉवेलमधे गुंडाळला, उचलला, बाथरूमच्या दारात आले. तिथपर्यंत मला आठवतंय. त्याच्या केसांचा वास आठवतोय.

त्यापुढचं नेल्सनने सांगितलेलं. एक आवाज झाला आणि मग रूबनचं रडणं. तो धावत आला तर मी फरशीवर, दात आवळलेले, सगळं अंग झटके देतंय, आणि रूबन माझ्यापासून हातभर लांब, टॉवेल एकीकडे, तो एकीकडे.

चहाचा कप

हॉस्पिटलमधे मी डोळे उघडले तर जीभ फाटलेली आणि पहिला शब्द मी रूबन म्हटला. तो दुसऱ्या मजल्यावर होता, मुलांच्या वॉर्डमधे. कवटीला बारीक चीर. चीर! माझ्या बाळाच्या कवटीला. डॉक्टर म्हणाले आत रक्त नाहीये, लक्ष ठेवू, भरून येईल. मला फक्त चीर ऐकू आलं.

मग एक नर्स आली, फिलिपिनो, माझ्याच वयाची. तिने विचारलं, अल्कोहोल घेतेस का. मी म्हटलं नो. नेल्सन बाजूला उभा होता, खाली बघत होता. तिने परत विचारलं. मी म्हटलं, "नो सिस्टर. ओन्ली मेडिसिन. ब्रँडी."

ती चिडली नाही. बाहेर गेली आणि तीन कप घेऊन आली, एक छोटा, एक मधला, एक मोठा. म्हणाली घरचा कप कुठला. मी मधला दाखवला. तिने विचारलं दिवसाला किती. मी नेल्सनकडे बघितलं, मग बघितलं नाही, आणि बोटं दाखवली. एका हाताची पुरली नाहीत. ती कागदावर लिहीत होती आणि नेल्सन, तो उभा होता तो खुर्चीत बसला. बसला म्हणजे पडला.

असा मला माझा आजार कळला. डॉक्टरने नंतर नीट सांगितलं, शरीराला सवय झालेली, एकदम काढून घेतलं तर मेंदू असा झटका देतो, जीव पण जाऊ शकतो, कमी करायची ती गोळ्या देऊन, हॉस्पिटलमधे. मला हे ऐकून काय वाटलं माहितीये? मला वाटलं म्हणजे देवाने माझं वाईट केलं नाही. मी केलं. न कळून केलं, पण मीच.

आठ दिवस

दारू सोडवायच्या वॉर्डमधे मी आठ दिवस होते. तिथे दिवस कसा जातो सांगते, म्हणजे तुला भीती कमी वाटेल. दर थोड्या वेळाने कोणीतरी येतं, म्हणतं हात पुढे कर, बोटं पसर. किती थरथरतात ते बघतात. घाम बघतात, प्रेशर बघतात, मग गोळी. व्हिटॅमिनचं इंजेक्शन, ते दुखतं. झोप येते, मग येत नाही. कोणी ओरडत नाही. चहावाली बाई टोस्ट विचारते, नको म्हटलं तरी ठेवून जाते, आणि मग तू तो खातेस.

सगळ्यात वाईट दूध. मला दूध येत होतं. शर्ट भिजायचा. डॉक्टरने सांगितलं, तू पीत होतीस तेव्हा ते दुधातून त्याच्यात जात होतं, आणि आता ह्या गोळ्या जातील, म्हणून पाजायचं नाही. पंपने काढायचं आणि ओतून द्यायचं. मी सिंकशी उभी राहून ओतायचे. मम्मीने ब्रँडी दुधासाठी दिली होती. मी मम्मीला दोष देत नाही, तिने प्रेमाने दिलं, तिला जे दिलं गेलं तेच तिने दिलं. पण त्या सिंकशी मी तिला खूप शिव्या घातल्या, मनात, मराठीत.

रूबन चौथ्या दिवशी घरी गेला. मम्मी तोपर्यंत विमान पकडून आली होती. मुलांचं जे सरकारी खातं असतं त्यांची केसवर्कर आली आणि म्हणाली, सध्या तुला बाळाबरोबर एकटं राहता येणार नाही, दुसरं मोठं माणूस पाहिजे. मी यस यस म्हटलं. मला सगळं कळलं नव्हतं, पण एकटं हा शब्द कळला.

फादर येत नाही

निघताना वॉर्डमधून एक पत्ता मिळाला. दर मंगळवारी दुपारी, क्वेकर लोकांच्या घरात, दारू, ड्रग्स, जुगार, कसलीही सवय असो, येऊन बसायचं. क्वेकर म्हणजे काय मला माहीत नव्हतं. नेल्सन म्हणाला ख्रिश्चनच आहेत, पण वेगळे. मम्मी म्हणाली, "प्रोटेस्टंट? जाऊ दे तिला, उपयोग झाला तर झाला."

मी गेले. मला वाटलं चर्च असेल. साधी खोली. क्रूस नाही, आल्तार नाही, मेणबत्ती नाही, एक पुतळा नाही. खुर्च्या गोल लावलेल्या, मधे टेबलावर फुलं. पाच सहा माणसं गप्प बसलेली, डोळे मिटून. मी पण बसले. मी माझी सगळी पापं पाठ करून आले होते, इंग्लिशमधे, नेल्सनकडून शब्द विचारून, कारण मला वाटलं कन्फेशन असणार. वाट बघत बसले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. कोणी हलेना. शेवटी मी बाजूच्या बाईला हळूच विचारलं, "व्हेन फादर कमिंग?"

पांढरे केस, पायात सँडल, सत्तरीची असेल. तिने माझ्याकडे बघितलं, हसली नाही, आणि हळूच म्हणाली, "कोणी येणार नाहीये, लव्ह. आपणच आहोत." ती इंग्लिशमधे म्हणाली, मी माझ्या मराठीत सांगतेय.

ती हेलन.

मला रडू आलं. फादर नाही तर मला माफ कोण करणार? मी तिथे पाऊण तास रडले आणि कोणी मला गप्प हो म्हटलं नाही, कोणी पाठ थोपटली नाही, फक्त बसले माझ्याबरोबर. नंतर सगळ्यांनी हात मिळवले आणि चहा झाला. एक ट्रक चालवणारा होता, मशीनवरच्या जुगाराची सवय असलेला, तो मला बिस्किट देत म्हणाला, "मेट, मला पहिल्या दिवशी वाटलं हे सगळे काय बोलायचं ते विसरलेत." मी फिसकन हसले, नाकातून पाणी आलं.

हेलनला मी हेलन आंटी म्हणायचे, ती म्हणायची फक्त हेलन. मला जमत नाही अजून. तिचा भाऊ दारूने गेला होता. ते तिने एकदाच सांगितलं, भांडी पुसताना, परत कधी काढलं नाही.

मी तिला शपथेचं सांगितलं. तीन शपथा, दोन मोडल्या, आणि तिसरी जी पाळली तिने बाळ पडलं. ती म्हणाली, आमच्यात शपथ घेतच नाहीत. कोर्टात पण नाही. मी म्हटलं का? ती म्हणाली, खरं बोलायला शपथ लागत असेल तर बाकीच्या वेळी आपण काय बोलत असतो? मग म्हणाली, पुढच्या चाळीस दिवसांचं तुला काय माहीत? आजचं माहितीये ना, तेवढं सांग.

मला त्या दिवशी ते नीट कळलं नाही. मला वाटलं ही म्हातारी सोपं करून देतेय. नंतर कळलं की ते अवघड आहे.

नवऱ्याने नाही

एप्रिलमधे केसवर्करने मीटिंग ठेवली. हेलन म्हणाली मी येते, काही बोलणार नाही, बाजूला बसते. पण ती बोलली.

केसवर्करने मला विचारलं, तुला घरी बाळाबरोबर कसं वाटतं. मी नेल्सनला मराठीत सांगितलं, आणि खूप वेळ सांगितलं. मला भीती वाटते, मी त्याला उचलते तेव्हा हात घट्ट होतात, मला अजून दुपारी आठवण येते त्या वासाची, मम्मी माझ्याकडे बघत असते, मी बाथरूमच्या दारातून जाताना भिंत धरते. नेल्सनने ऐकलं आणि केसवर्करला म्हणाला, "शी सेज शी इज फाइन. शी विल नेव्हर ड्रिंक अगेन."

हेलनने मान वर केली. म्हणाली, "नेल्सन, ती एवढं सगळं बोलली आणि त्याचं एवढंच झालं?"

नेल्सन लाल झाला. मला तेवढं इंग्लिश कळलं. मी म्हटलं, "मी असं नाही बोलले."

"अगं मी तुझ्यासाठीच बोललो ना," नेल्सन म्हणाला.  "खरं सांगितलं तर घेऊन जातील त्याला."

त्याच्यावर रागावू नकोस वाचताना. तो माझ्याइतकाच घाबरलेला होता.

हेलन केसवर्करला शांतपणे म्हणाली, हिला दुभाषी पाहिजे, तिच्या भाषेतला, आणि नवऱ्याने नाही. तो हिचा हक्क आहे. केसवर्कर म्हणाली फोनवर हिंदी मिळेल लगेच. हेलनने मला विचारलं हिंदी चालेल? मी म्हटलं चालेल. मग म्हटलं, नाही. मराठी. मीटिंग पुढच्या आठवड्यावर गेली. मम्मी गाडीत म्हणाली, "ही गोरी कोण लागते तुझी, नवऱ्याला गप्प करते ती?" मी म्हटलं, "मम्मी, तिने मला बोलू दिलं." मम्मी खिडकीतून बाहेर बघत बसली.

हात

पुढच्या आठवड्यात टेबलावर फोन होता आणि फोनमधे एक मराठी बाई, कुठल्या शहरातून बोलत होती देव जाणे. म्हणाली, "ताई, तुम्ही बोलाल ते मी जसंच्या तसं सांगेन, माझ्या पदरचं काही घालणार नाही." मला तिचा आवाज ऐकूनच अर्धं बरं वाटलं.

गोष्ट अशी होती. मम्मी आणखी सहा महिने राहिली तर रूबन घरीच राहू शकत होता, माझ्याजवळ, मम्मीच्या देखरेखीखाली. नाहीतर मम्मी त्याला वसईला घेऊन जाणार, नेल्सनची परवानगी होती, माझी पण लागणार होती. केसवर्कर म्हणाली दोन्ही चालेल, बाळ सुरक्षित पाहिजे, तुम्ही घरचे ठरवा.

मम्मी म्हणाली, "मी राहते. म्हाताऱ्याला माझी मुलगी बघेल. पण हिने शपथ घेतली पाहिजे." तिने मांडीवरच्या रूबनला माझ्याकडे वळवलं. "ह्याच्या डोक्यावर हात ठेव आणि बोल, परत कधी पिणार नाही. बोल, मी आज तिकीट कॅन्सल करते."

त्याच्या डोक्यावरचे केस दाट झाले होते, चीर भरली होती, वरून काहीच कळत नव्हतं. तो माझ्या बांगडीला हात घालत होता.

"घे ना गं," नेल्सन म्हणाला. "एवढंच तर बोलायचंय."

एवढंच तर बोलायचं होतं. एक वाक्य बोलले असते तर तो माझ्याजवळ राहिला असता. माझा हात उचलला पण गेला होता, टेबलाच्या वर आला होता.

आणि मला ते सगळं आठवलं, मुंग्या, घाम, तोंड दाबून निभवणं. मला माझं माहितीये. शपथ घेतली की मी लपवते. लपवलं की कोणाला बोलवत नाही. परत घसरले तर मम्मीला सांगणार नाही, कारण बाळाच्या डोक्यावर हात ठेवलेला असेल, ते पाप लपवायला मी काहीही करेन. आणि तेव्हा तो माझ्या हातात असेल.

मी हात खाली घेतला. म्हटलं, "मी आज प्याले नाही. काल पण नाही. उद्याचं मला माहीत नाही, मम्मी. मी त्याच्या डोक्यावर हात नाही ठेवणार."

  फोनमधल्या बाईने ते हळूहळू इंग्लिशमधे सांगितलं, जसंच्या तसं. हेलनने माझ्याकडे बघितलं नाही, समोर भिंतीकडे बघत होती, तिचे डोळे भरले होते.

मम्मी म्हणाली, "स्वतःच्या पोरासाठी एक वाक्य नाही निघत हिच्या तोंडून." ते पण त्या बाईने सांगितलं. जसंच्या तसं.

मी परवानगीच्या कागदावर सही केली. माझी सही मोठ्ठी येते, शाळेतल्यासारखी, पूर्ण नाव.

मे महिन्यात गेले ते. एअरपोर्टला गेटच्या अलीकडे मम्मी परत थांबली, रूबन तिच्या खांद्यावर झोपलेला. ती रडत होती. म्हणाली, "अजून बोल. आत्ता बोल, मी इथून मागे फिरते. मला काय हौस आहे का त्याला आईपासून तोडायची?"  मी डायपरची पिशवी तिच्या दुसऱ्या खांद्यावर अडकवली आणि पट्टा सरळ केला.

घरी आल्यावर नेल्सन तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. मी पाळणा आवरला नाही. मंगळवारी हेलनकडे गेले. त्या दिवशी मला चूप बसवेना, मी उभी राहिले आणि मराठीत बोलले, रूबन गेला, मी पाठवला, माझी छाती फुटतेय. कोणाला एक शब्द कळला नसेल. ट्रकवाल्याने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

रोजचा फोन

मम्मी रोज फोन करते. तिकडे सकाळ, इथे दुपार. पहिले दिवस नुसता रूबन दाखवायची, माझ्याशी बोलायची नाही. मग एक दिवस, जूनमधे असेल, तिने आधी विचारलं, "आज?" मी म्हटलं, "आज नाही, मम्मी." मग तिने फोन त्याच्याकडे वळवला. तेव्हापासून रोज हेच. आज? आज नाही. मग रूबन. नाताळला त्याला परत आणायचं असं ठरत होतं. नेल्सनने दिवसाच्या शिफ्टसाठी अर्ज दिला होता, घरात आम्ही परत एकत्र जेवायला लागलो होतो, तो मला डाळीत मीठ कमी आहे असं सांगायला लागला होता, आणि मला ते किती बरं वाटायचं.

ऑगस्टमधे रूबनचा पहिला वाढदिवस झाला, वसईला. मांडव, केक, गावातली मुलं. मी फोनवर बघितला. त्याला नवा सूट घातलेला. केक कापला आणि मम्मीने पहिला घास त्याला भरवला, आणि तो हसला तिच्याकडे बघून, आणि सगळे टाळ्या वाजवत होते आणि कोणीतरी फोन टेबलावर ठेवून दिला, मला नुसतं मांडवाचं कापड दिसत राहिलं.

दुसऱ्या दिवशी नेल्सन कामावर गेला आणि मी मेन स्ट्रीटला गेले.

अर्धी बाटली गेली असेल. मग मी ती टेबलावर ठेवली, मधोमध, ड्रॉवरमधे नाही. हेलनला फोन केला. ती म्हणाली दार उघडं ठेव, मी निघते. ती यायच्या आत मम्मीचा फोन वाजला. वेळ झाली होती.

मी उचलला. मम्मी अंगणात होती, मागे केळी दिसत होत्या.

"आज?" ती म्हणाली.

मला काही पण बोलता आलं असतं. तिला तिथून वास येणार नव्हता. नाताळ समोर होता.

"आज प्याले, मम्मी."

 कुठेतरी कोंबडी ओरडत होती. मम्मीने पदराने तोंड पुसलं.

"किती?"

"अर्धी बाटली. समोर आहे, दाखवते."

"नेल्सनला माहितीये?"

"नाही. घरात आधी तुम्हालाच सांगितलं. हेलन येतेय."

"मग आता नाताळचं काय म्हणू मी?"

"नाही म्हणा."

मम्मी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. फोनमधे माणूस खरंच आपल्याकडे बघतो का ते कळत नाही, पण ती बघत होती. मला वाटलं आता फोन कापणार.

तिने कापला नाही. म्हणाली, "थांब. तो तिकडे गेलाय." आणि उठली. तिचे गुडघे दुखतात, उठताना तिच्या तोंडातून आवाज आला. रूबन चालायला लागलाय हे मला माहीत नव्हतं, तो अंगणात कोंबडीच्या मागे चालला होता, हात वर करून, पडत, उठत. तो थांबेना. मम्मी फोन पुढे धरून त्याच्या मागे मागे चालत राहिली, धापा टाकत, फोन हलत होता, कधी त्याची पाठ, कधी त्याची चड्डी, कधी माती.

"दिसतोय का गं तुला?" ती म्हणाली.

"दिसतोय," मी म्हटलं. "चाला अजून."